आधी आमिष ठरवा, मग रॉड

या वेळच्या पत्रांत बास माशाने सगळी जागा अडवली आहे. लार्जमाउथ असो वा स्मॉलमाउथ, या त्याच्या दोन जातींपैकी कोणतीही, जवळजवळ प्रत्येक पत्र ‘कोणतं रीळ घेऊ?’ इथूनच सुरू होतं. मी रिळं उघडून दुरुस्त करणारा माणूस, म्हणजे मला तर हा प्रश्न आवडायला हवा. तरी सांगतो, खरेदीच्या यादीत रीळ शेवटी येतं. पाण्यात काय टाकणार ते आधी ठरवा. त्याच्या वजनावरून दोर ठरतो, दोरावरून आणि वजनावरून रॉड ठरतो आणि या सगळ्याला शोभेल असं रीळ मग आपोआप सापडतं. खालची उत्तरं याच क्रमाने वाचा.

प्रश्न : बाससाठी पहिलाच रॉड घेतोय. दुकानात चार रॉड हातात दिले. कुणावर मीडियम लिहिलेलं, कुणावर मीडियम हेवी, सगळ्यांवर फास्ट. मला सगळे सारखेच वाटले. एकाच रॉडवर भागवायचं तर कोणता घेऊ?

मुठीच्या थोडं वर, दांडीवर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते. ती वाचलीत का? ‘ल्युअर १/४ ते ५/८ औंस, लाइन ८ ते १४ पौंड’ अशा धाटणीची. ल्युअर म्हणजे आमिष, लाइन म्हणजे दोर. दुकानात तुमच्या कामाची एवढीच ओळ. मीडियम, मीडियम हेवी ही नावं प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने लावते, त्यामुळे एकीचा मीडियम दुसरीच्या मीडियम हेवीला जाऊन भिडतो. औंस मात्र सगळीकडे सारखाच, २८ ग्रॅमला थोडा जास्त.

आता उलटा हिशोब करा. सुरुवात बहुतेक जण मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळाने करतात आणि ते बरोबरच आहे. ते गांडूळ, पुढचं गोळीच्या आकाराचं वजन आणि गळ मिळून भार साधारण १० ते १४ ग्रॅम होतो. हा भार अर्ध्या औंसापासून पुढे लिहिलेल्या हेवी रॉडवर लावलात तर दांडी जेमतेम वाकेल. दांडी वाकल्याशिवाय फेक जात नाही. हाताने कितीही जोर लावा, आमिष सुटतं ते दांडी सरळ होताना. उलट, हलक्या रॉडवर पाऊण औंसाचं आमिष लावून जोरात फेकलं तर टोक मोडण्याची भीती.

पॉवर आणि ॲक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानदारही त्यांची सरमिसळ करतात. दांडी वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर. दांडी कुठून वाकते ती ॲक्शन. फास्ट रॉड वरच्या साधारण एक तृतीयांशात वाकतो आणि खाली लगेच ताठ होतो. मॉडरेट रॉड मध्यापर्यंत कमान धरतो. गांडुळाच्या पोटात लपवलेला एकेरी गळ प्लॅस्टिक फोडून माशाच्या जबड्यात बसवायचा असतो, तिथे झटका लगेच पोचायला हवा, म्हणून फास्ट. तीन टोकांचे बारीक गळ लावलेलं आमिष ओढताना हाच ताठपणा घात करतो. त्याचं उत्तर पुढे एका मुलाच्या पत्रात दिलंय.

तर तुमच्यासाठी सात फुटी, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन, स्पिनिंग, म्हणजे रीळ दांडीच्या खाली लटकतं तो प्रकार. त्यावर २५०० आकाराचं रीळ. रिळावर १० पौंडी ब्रेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेला दोर, आणि पुढे वावभर ८ किंवा १० पौंडी फ्लुरोकार्बनचा (हा एकेरी, पारदर्शक दोर) लीडर, म्हणजे आमिषाआधी जोडायचा तुकडा. एवढ्यावर गांडूळ, लहान जिग (वजनदार डोक्याचा गळ), पाण्यावर फुटफुटणारा लहान पॉपर, हलकं क्रँकबेट (ओढलं की डुलत खाली जाणारं माशाच्या आकाराचं आमिष) असं बरंच काही चालतं. काठावर झाडांच्या फांद्या डोक्यावर येत असतील तर सहा-सहाचा, म्हणजे साडेसहा फुटी घ्या. दाट पाणवनस्पतीतून मासा ओढून काढायचा असेल तर हा रॉड नाही पुरणार. तिथे मीडियम हेवी किंवा हेवी लागतो आणि दोरही ५० पौंडांच्या घरातला ब्रेड. एकच रॉड हवा म्हणताय ना, मग ती दाट जागा सध्या सोडा.

निवडताना रॉडवर रीळ लावून घ्या. नुसता रॉड हातात हलका वाटला तरी टोकाकडे झुकत असेल तर तासाभरात मनगट बोलायला लागतं.

प्रश्न : हौसेने बेटकास्टिंग रीळ घेतलं. प्रत्येक फेकीला दोराचा असा गुंता होतो की अर्धा वेळ तो सोडवण्यातच जातो. रीळ बिघडलेलं आहे का?

बहुधा नाही. माझ्या टेबलावर ‘बिघडलं’ म्हणून येणाऱ्या बेटकास्टरमध्ये पुष्कळ अशी असतात की त्यांत बदलायला एकही भाग सापडत नाही. ब्रेक शून्यावर असतो आणि स्पूलवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या फिरकीवर, न शोभणारा दोर भरलेला असतो.

गुंता का होतो ते समजून घ्या. स्पिनिंग रिळात फेकताना स्पूल स्थिर असतो, दोर त्याच्या कडेवरून निसटत जातो. बेटकास्टरमध्ये दोर बाहेर जाताना स्पूल स्वतः फिरतो. आमिष हवेत मंदावतं, पण स्पूल पहिल्याच वेगात फिरत राहतो. जास्तीचा दोर जाणार कुठे? तो स्पूलवरच फुगतो. या जातीच्या रिळाचा पाया केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने १९व्या शतकाच्या सुरुवातीला घातला. हँडलची एक फेरी आणि स्पूलच्या चार, असं त्याचं गणित होतं. तेव्हा ब्रेक म्हणजे फक्त अंगठा. आजही मुख्य ब्रेक तोच आहे, बाकीची बटणं त्याच्या मदतीला.

आता बटणं कशी लावायची. हँडलच्या बाजूला, चांदणीच्या आकाराच्या चाकाजवळ एक गोल बटण असतं, ते स्पूल टेन्शनचं. रॉड आडवा धरा, आमिष टोकाशी ठेवा, अंगठ्याखालची पट्टी दाबून स्पूल मोकळा करा. आमिष सावकाश खाली उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. धाडकन पडलं तर बटण आवळा, उतरतच नसेल तर सैल करा. आमिष बदललं की हे पुन्हा करायचं. बरेच जण रीळ घेतल्या दिवशी एकदाच करतात.

दुसऱ्या बाजूला ब्रेक असतो, चुंबकाचा किंवा अपकेंद्री. अपकेंद्री ब्रेक स्पूल जोरात फिरतो तेव्हा जास्त धरतो, वेग उतरला की जवळजवळ सोडून देतो. चुंबकाचा ब्रेक फेक संपत येईपर्यंत थोडा तरी हात धरून असतो, म्हणून शिकताना मला तो बरा वाटतो. सुरुवातीला ब्रेक भरपूर ठेवा. अंतर कमी पडेल, पडू दे. हात बसला की एकेक आकडा उतरवा.

दोराचं म्हणाल तर शिकण्यासाठी १२ किंवा १४ पौंडी मोनो, म्हणजे नायलॉनचा साधा तंगूस. बारीक ब्रेड गुंतला की स्वतःच्याच थरांत रुतून बसतो आणि मग कात्रीच लागते. आमिष अर्ध्या औंसाचं घ्या, त्यातही बुटकं आणि भरीव. पाव औंसाहून हलकं आमिष फेकायला बेटकास्टर काढूच नका, ते स्पिनिंगचं काम. वारा समोरून असेल तर ब्रेक वाढवा किंवा सरळ पाठ फिरवून दुसऱ्या दिशेला फेका.

हात झटकायचा नाही. दांडी मागे न्या, तिला वाकू द्या, मग एका लयीत पुढे. आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठा स्पूलवर पक्का बसलाच पाहिजे, कारण आमिष तिथे थांबतं आणि तुमचा स्पूल अजून फिरत असतो.

गुंता झालाच तर नखाने उपसू नका. अंगठा स्पूलवर घट्ट दाबा, तसाच दाबून ठेवून हँडल दोन-चार वेळा फिरवा, मग पट्टी दाबून दोर हळू बाहेर ओढा. बऱ्याचदा फास आपोआप सुटतात. सरावापुरती आणखी एक युक्ती : एक लांब फेक टाका, आणखी चार-पाच मीटर दोर ओढून काढा, स्पूलवर उरलेल्या दोरावर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि दोर परत गुंडाळा. गुंता झाला तरी पट्टीच्या खाली जाणार नाही.

प्रश्न : एका रिळात १० बेअरिंग आहेत, दुसऱ्यात ५. दहावालं चांगलं ना? आणि ७.१:१ म्हणजे नक्की काय?

बेअरिंगांची संख्या खोक्यावर छापायला सोपी असते, म्हणून छापतात. चांगल्या जातीची पाच बेअरिंगं योग्य जागी, म्हणजे स्पूलच्या दोन टोकांना आणि मुख्य दात्यांच्या आधाराला असली तर रीळ लोण्यासारखं चालतं. उरलेली कधी कधी हँडलच्या मुठींत भरलेली असतात. मी रीळ तपासताना हँडल धरून मागे-पुढे हलवून पाहतो. खडखड झाली की आकडा किती का असेना, ते रीळ मला नको.

७.१:१ म्हणजे हँडलच्या एका फेरीला स्पूलच्या सात आणि थोड्या फेऱ्या. पण स्पूल लहान असला तर तेवढ्याच फेऱ्यांत दोर कमी येतो, म्हणून एका फेरीला किती इंच दोर येतो ते बघा. पाचच्या गुणोत्तराला साधारण २० ते २२ इंच, सातच्या पुढे ३० च्या आसपास. खोल जाणारं क्रँकबेट ओढताना हाताला सतत जोर लागतो, तिथे हळू रीळ सुखाचं. गांडूळ किंवा जिग तुम्ही दांडीने हलवता, रिळाने फक्त ढिला दोर गोळा करायचा असतो. तिथे आणि दाट वनस्पतीतून मासा बाहेर खेचताना वेगवान रीळ. एकच घ्यायचं तर ६ ते ७ च्या मधलं.

प्रश्न : फ्लुरोकार्बन पाण्यात दिसत नाही म्हणतात. मग सगळं रीळ त्यानेच का भरू नये?

दिसत नाही हे थोडं वाढवून सांगितलेलं आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर. पाण्याच्या जवळ जाणारा म्हणून तो कमी उठून दिसतो. अदृश्य नाही. त्याचा खरा गुण दुसरा आहे. तो पाण्यापेक्षा पावणेदोन पट घन, म्हणून बुडतो. त्यामुळे तळाशी आमिष दगडाला घासलं की लाकडाला, ते बोटाला कळतं. तळावरच्या कामाला उत्तम.

तोच गुण पाण्यावर चालणाऱ्या आमिषाला मारक. बुडणारा दोर पॉपरचं नाक खाली ओढतो. तिथे मोनो किंवा तरंगणारा ब्रेड. शिवाय जाड फ्लुरोकार्बन ताठ असतो, स्पिनिंग रिळावर स्प्रिंगसारखा उसळून बाहेर येतो. म्हणून स्पिनिंगवर मुख्य दोर ब्रेडचा आणि फ्लुरोकार्बन फक्त पुढच्या वावभराला. जोडायला डबल युनी गाठ शिका, ती वाऱ्यात उभं राहूनही बांधता येते. एफजी गाठ बारीक होते, रॉडवरच्या दोर ओवायच्या कड्यांतून सुळकन जाते, पण ती घरी बसून बांधायची. फ्लुरोकार्बनची कोणतीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तापते आणि नेमकी तिथेच तुटते.

ब्रेड भरताना स्पूलवर आधी काही फेरे मोनोचे घ्या. नाहीतर गुळगुळीत धातूवर सगळा ब्रेड एकत्र सरकतो, आणि मासा ओढत असताना ड्रॅग (ओढ वाढली की दोर सोडणारी रिळातली यंत्रणा) गेला असं वाटून लोक रीळ माझ्याकडे पाठवतात. ड्रॅग ठणठणीत असतो. स्पिनिंगचा स्पूल कडेपासून दोन-तीन मिलिमीटर राखून भरा. कमी भरला तर फेक तोकडी, काठोकाठ भरला तर फासच्या फास बाहेर पडतात.

प्रश्न : मी चौदा वर्षांचा आहे. आजोबांचा काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा, जुना रॉड मिळालाय. मित्र म्हणतात, टाकून दे, आता सगळे ग्रॅफाइट वापरतात. टाकू का?

अजिबात टाकू नकोस! ग्रॅफाइटचे रॉड बाजारात आले ते १९७० च्या दशकात. त्याआधी दोन-अडीच दशकं बासवाल्यांच्या हातात काचतंतूच होता. ग्रॅफाइट हलका असतो आणि बारीक टिचकीसुद्धा मुठीपर्यंत पोचवतो. तुझा रॉड जड आहे, सावकाश वाकतो आणि सावकाश सरळ होतो. हाच सावकाशपणा क्रँकबेटला हवा असतो. त्याला तीन टोकांचे बारीक गळ असतात. बास ते चालत्या आमिषावर झडप घालून तोंडात घेतो. ताठ रॉड असेल तर टिचकी लागताच तू झटका देतोस आणि आमिष त्याच्या तोंडातून बाहेर येतं. काचतंतूची दांडी वाकेपर्यंत त्याला तोंड मिटायला वेळ मिळतो. पुढे मासा उसळी मारून डोकं झाडतो तेव्हाही दांडी लवते, गळाचं भोक फाटून मोठं होत नाही. म्हणून मुद्दाम क्रँकबेटसाठी आजही काचतंतूचे किंवा काच आणि ग्रॅफाइट मिसळलेले रॉड बनवतात.

फक्त एक काम कर. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरव. तंतू अडकले तर कडीला चीर किंवा खाच आहे, ती दोर कापेल. अशी कडी बदलून घे. जुन्या साध्या धातूच्या कड्यांवर ब्रेड लावू नकोस, तो त्यांत खाचा पाडू शकतो. १० किंवा १२ पौंडी मोनो लाव आणि मित्रांना बरोबर घेऊन जा.

प्रश्न : आमिषांची पेटी भरायची आहे. बास कोणत्या रंगाला येतो?

रंगांवर मित्रमंडळींत भांडणं होतात, मी त्यात फार पडत नाही. स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्यात काळा-निळा किंवा पोपटी, एवढं मला पुरतं. कोणत्या खोलीवर आमिष चालतंय याला मी रंगापेक्षा जास्त किंमत देतो.

म्हणून पेटी खोलीप्रमाणे भरा. पाण्याच्या पृष्ठासाठी एक पॉपर. चार-पाच फुटांपर्यंत चौकोनी ओठाचं क्रँकबेट, ते बुडालेल्या खोडांना आपटून बाजूला उसळतं आणि बरेचदा मासा त्याच उसळीला येतो. वनस्पतींच्या कडेने ओढायला ३/८ औंसाचं स्पिनरबेट, म्हणजे तारेवर फिरणारी चकचकीत पाती लावलेलं आमिष. आणि तळासाठी गांडूळ, टेक्सस पद्धतीने बांधलेलं : पुढे गोळीच्या आकाराचं सरकतं वजन, मागे ३/० चा रुंद वाकाचा गळ, त्याचं टोक प्लॅस्टिकमध्येच दडवलेलं, म्हणजे पाल्यात अडकत नाही. एकाच आमिषावर दिवस काढायचा असेल तर मी गांडूळच घेईन. ओहायोतल्या ॲक्रनच्या निक क्रीमने १९४९ मध्ये मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ बनवलं, तेव्हापासून बासला त्याचा कंटाळा आलेला दिसत नाही.

वजन शिशाचं की टंगस्टनचं? टंगस्टन शिशाच्या सुमारे १.७ पट घन, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लहान होते आणि तळाचा टणकपणा नीट कळवते. महाग असते. काही ठिकाणी शिशाच्या वजनांवर बंदी आहे, तेवढं आधी विचारून घ्या. आणि वेगवेगळ्या जातीची मऊ प्लॅस्टिकं एका कप्प्यात ठेवू नका. ताणलं जाणारं इलास्टोमर नेहमीच्या प्लॅस्टिकला चिकटून पडलं की दोन्ही वितळून एकजीव होतात, कधी पेटीचा तळही घेऊन जातात. ज्या पिशवीत आली त्याच पिशवीत राहू द्या.

लांब नाकाची पक्कड विसरू नका. बाकी आमिषं नंतर घेता येतील, पक्कड पहिल्या दिवशी हवी.

प्रश्न : १० पौंडी दोरावर विक्रमी बास लागला तर?

लागू दे, मग बघू! लार्जमाउथचा विक्रम २२ पौंड ४ औंसांचा. जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात पकडला होता. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांना त्याहून किंचित जड, औंसभराचाही फरक नसलेला मासा मिळाला. नवा विक्रम मानायला दोन औंसांचा तरी फरक लागतो, म्हणून दोघांच्या नावावर बरोबरी आहे.

दोरावरचा आकडा माशाच्या वजनाचा नसतो, दोर किती ओढीला तुटेल त्याचा असतो. पाण्यातला मासा दोराला लटकलेला नसतो आणि ओढ वाढली की ड्रॅग दोर सोडतो. तो दोराच्या ताकदीच्या पाव ते ३० टक्क्यांवर लावा. १० पौंडी दोराला अडीच-तीन पौंड. हाताच्या अंदाजाने नको, दोराचं टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधून रॉड वाकवून ओढा. दिवस संपला की ड्रॅगचं बटण सैल करून ठेवा. महिनोन्महिने आवळून ठेवलेल्या रिळातल्या चकत्या दबून सपाट होतात, मग ड्रॅग सरळ न सुटता धक्के देतो आणि बारीक दोर त्या धक्क्याला तुटतो. या चकत्या मी नेहमी बदलत असतो.

प्रश्न : माझा नवा ग्रॅफाइट रॉड लहानशा माशाला टोकाजवळ मोडला. कंपनीचा दोष?

मासा काठाशी आल्यावर रॉड उभा, किंवा त्याच्याही मागे खांद्यावर नेला होता का? तसं केलं की सगळा भार टोकाच्या बारीक भागावर येतो. दांडी त्यासाठी बनवलेली नसते. रॉड तिरका ठेवा आणि मासा हाताने किंवा जाळीने उचला. दुसरा हात मुठीच्या वर दांडीला लावून जोर देऊ नका, तिची कमान तिथेच तुटते. वाहतुकीत जड वजन आपटूनही न दिसणारी चीर पडते आणि रॉड नंतर कधीतरी, क्षुल्लक ओढीला जातो. अशा वेळी दोष कुणाचा ते तुकडे बघूनही ठरवणं अवघड.

ग्रॅफाइटमधून वीज वाहते. आभाळ गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर जा आणि विजेच्या तारांखाली कधीच फेकू नका.